कुकरची शिट्टी, लक्ष्मीपूजनाचे बार आणि कानातलं औषध: टिकलीसाठी काय करता येईल

दादा, तुमचं सगळं वाचलं. मला काय कळलंय ते आधी थोडक्यात सांगते. टिकली गावठी कुत्री, दोन वर्षांची, पाचेक महिन्यांची असताना अक्कलकोट रोड एमआयडीसीत सापडली आणि आता जुळे सोलापुरात तुमच्या घरी आहे. कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली, मिक्सर लागला की बाथरूममध्ये. गणपतीत डीजे गल्लीतून गेला त्या रात्री दार खरवडून नखं रक्ताळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. वरून हात आलेला चालत नाही, पाय तर अजिबात धरू देत नाही, आणि मागच्या आठवड्यात कानात औषध घालताना बाबांच्या हाताला दात लावला. दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते फटाक्यांजवळ नेऊन बांधा, दोन दिवसांत भीड चेपेल, आणि दुसरी म्हणते सोडून द्या परत जिथून आणली तिथं.

दोन्ही नको. पण कुत्रीचं बघायच्या आधी बाबांचा हात. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, टिकलीची रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरला दाखवा, आठवडा झाला म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसू नका, सिव्हिलला लस मिळते. आणि पुढं कधी असं झालं तर त्याच क्षणी नळाखाली हात धरून साबण लावून १५ मिनिटं धुवायचा, हळद-चुना-तिखट काहीही लावायचं नाही. घरचीच आहे की हो, तिला काय झालंय, असं म्हणून हे टाळणारी माणसं मी लई बघितलीत.

आता टिकलीचा कान. औषध का चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाही पण कानाला इन्फेक्शन असेल तर तो दुखतो, आणि दुखऱ्या कानाला धरून थंड थेंब सोडला तर मी पण चावीन. चावली तो स्वभाव म्हणून धरू नका, आधी दुखणं तपासा. पायाचं पण तसंच, पंजाच्या बोटांमध्ये गोचीड, जुनी फ्रॅक्चर, कंबर, सगळं जनावरांच्या डॉक्टरकडून बघून घ्या. यात अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २०१८ साली एक अभ्यास आला होता, त्यात आवाजाला घाबरणारी कुत्री तपासली, काहींना सांध्याचं-स्नायूंचं दुखणं होतं आणि काहींना नव्हतं. दुखणं असलेल्यांची आवाजाची भीती साधारण उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली दिसली आणि ती जास्त ठिकाणी, जास्त गोष्टींना पसरलेली होती. अभ्यास लहान होता, पण कामात हेच दिसतं. दचकल्यावर अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि मग आवाज म्हणजे दुखणं असं डोक्यात बसतं. तेव्हा दुखणं राहिलं आत आणि आपण चिकनचे तुकडे टाकत बसलो तर वर्षभर तुकडे टाकत बसाल.

भीती येते कुठून ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल. पिल्लाचे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस असे असतात की त्यात जे जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं ते जगातलं नेहमीचं म्हणून नोंद होतं. त्यात जे आलंच नाही ते पुढं परकं राहतं. टिकलीचे ते दिवस एमआयडीसीच्या कुठल्यातरी कंपाउंडमागं गेले, तिथं ना कुकर होता ना मिक्सर ना माणसाचा प्रेमळ हात, हात आला असेल तर दगड घेऊनच आला असेल. तुम्ही आणली तोपर्यंत ते दार जवळपास मिटलेलं होतं. म्हणजे तुमचं काही चुकलं नाही.

आणि हे बघा, नुसता मोठा आवाज असला की कुत्रं घाबरतं असं नसतं. आपल्या पूर्व भागात अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्यांत जा, यंत्रमागाच्या शेडच्या दारात कुत्री आडवी पडून निवांत झोपलेली असतात. आत खडखडाट एवढा की शेजारी उभा माणूस काय बोलतो ते कळत नाही, आणि हे कान पण हलवत नाहीत (काही म्हातारी बहिरी पण झालेली असतात म्हणा). पण तीच कुत्री लक्ष्मीपूजनाला एक सुतळी बॉम्ब फुटला की शेपूट पोटात घालून पळतात. कारण मागाचा आवाज ती जन्मापासून ऐकतात, तो रोज त्याच वेळी चालू होतो, एकसारखा चालतो, त्याच्यामागून काही वाईट होत नाही, आणि नको वाटलं तर उठून दुसऱ्या गल्लीत जाता येतं. बॉम्बचं यातलं काहीच नाही, कधी फुटेल माहीत नाही, कुठून येईल माहीत नाही, पळावं तर पुढच्या गल्लीत पण तेच. त्यात कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट, आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्यांना साधारण ४५ हजारांपर्यंत, फटाक्याच्या सुईंऽऽ मधलं जे आपल्याला कळतच नाही ते पण त्यांना ऐकू येतं.

पुढं काय होणार याचा अंदाज असणं आणि नको असेल तर निघून जायला वाट असणं, या दोनच गोष्टी तिला मिळवून द्यायच्यात. आवाजाचं असो नाहीतर हात लावण्याचं, मी जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

म्हणून फटाक्यांजवळ बांधून ठेवायचा उपाय सगळ्यात वाईट. त्यात अंदाज पण नाही आणि वाट पण नाही. बांधलेलं कुत्रं अर्ध्या तासानं गप्प बसतं आणि लोक म्हणतात बघा झाली सवय. सवय नाही झालेली, त्यानं हात टेकलेत. अशा कुत्र्याच्या तोंडासमोर चिकन धरून बघा, हुंगणार पण नाही. पुढच्या वेळी तर नुसता माचिसचा वास आला, नुसती पोरं अंगणात जमली तरी थरथर सुरू. बाबांना म्हणावं भीड चेपणं वेगळं आणि धास्ती बसणं वेगळं.

दुसरा गैरसमज तुमच्या बायकोनं विचारलाय, घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते का. नाही वाढत. भीती ही काही ती मुद्दाम करत नाही की बक्षीस दिलं म्हणून जास्त करेल. ती तुमच्याजवळ येऊन टेकून बसली तर बसू द्या, तिला आवडत असेल तर छातीवरून सावकाश हात फिरवा, हळू आवाजात बोला. फक्त ती कॉटखाली असताना ओढून बाहेर काढून मांडीवर दाबून धरायचं नाही, ते तिला धीर वाटत नाही, पकडलं असं वाटतं. आणि आजींनी दृष्ट काढली तर काढू द्या, त्यांच्या मनाचं समाधान, फक्त धुराचं भांडं तिच्या नाकाशी नेऊ नका आणि अंगावरून मीठ-मोहरी ओवाळताना तिच्यावर वाकू नका.

आता तीन आठवड्यांत काय. स्पष्ट सांगते, तीन आठवड्यांत फटाक्यांची भीती जात नाही. जो कोणी तेवढ्यात घालवून देतो म्हणेल त्याला पैसे देऊ नका. या दिवाळीला तिला शिकवायचं नाही, फक्त वाचवायचं आणि शिकवणी नंतर शांत दिवसांत. या दोन्हीची सरमिसळ केली की दोन्ही फसतात.

घरातली सगळ्यात आतली खोली बघा, जिला रस्त्याकडं खिडकी नाही. तिला बाथरूम आवडत असेल तर बाथरूम, कॉटखालची जागा आवडत असेल तर कॉटखाली, जागा तिनं निवडलेली पाहिजे. तिथं तुमच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर टाका, दार उघडं ठेवा, पाणी ठेवा, आणि आजपासूनच रोज तिथं काहीतरी चांगलं खायला द्यायला लागा. उन्हाळ्यातला कूलर माळ्यावर टाकला असेल तर खाली उतरवा. ऑक्टोबरची उष्णता असतेच आपल्याकडं आणि कूलरच्या घरघरीत बाहेरचे बार बरेच दबतात, पण तो पण आजपासून रोज तासभर लावा, म्हणजे कूलर लागला की आता बार होणार असं तिच्या डोक्यात बसणार नाही. खिडक्या-पडदे बंद. जाड पडद्यानं उजेडाचा लखलखाट तरी जातो.

फिरवायचं दुपारी, ऊन खाली आल्यावर पण अंधार पडायच्या आधी, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अजिबात बाहेर नाही कारण त्या पहाटे पहिला बार कोण किती वाजता उडवेल सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ची वेळ घालून दिली होती, आपल्या गल्लीत ती किती पाळतात ते तुम्हालाच माहीत. बाहेर नेताना हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, आणि गळ्यात पट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं मागं मागं सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतं, सेकंदाचं काम आहे. दिवाळीत पळालेल्या कुत्र्यांची शोधाशोध दरवर्षी असते. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर मार्करनं नाही, कोरून घेतलेला पाहिजे, फराळाला येणारे-जाणारे गेट उघडं टाकतात म्हणून आतल्या खोलीचं एक दार मधे ठेवा.

संध्याकाळचं जेवण फटाके सुरू व्हायच्या आधी उरका, पोट भरलेलं असलं की बरं असतं. मग बार सुरू झाले की एक सोपं काम करा. प्रत्येक बारनंतर, एकदम मजेत, अरे वा म्हणून तिच्यापुढं एक तुकडा टाका, शिजवलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. खाल्ला तर छान, नाही खाल्ला तर आग्रह नाही, परत बार झाला तर परत टाका. हे साधं वाटतं पण काम करतं. स्टेफानी रीमर म्हणून संशोधक आहेत, तेव्हा त्या स्वित्झर्लंडमध्ये होत्या, त्यांनी हजारावर कुत्रेवाल्यांना विचारून २०२० मध्ये जो अभ्यास छापला त्यात आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देण्यानं फरक पडला असं सांगणारे ७० टक्क्यांच्या आसपास होते. अंगाला घट्ट बसणाऱ्या जॅकेटचे ४४ टक्के. आणि ते भिंतीच्या सॉकेटला लावायचे सुगंधी प्लग, जडीबुटीचे थेंब, होमिओपॅथी यांचे सगळ्यांचे तिशीच्या आसपास, म्हणजे नुसत्या समाधानानं जेवढं वाटतं तेवढंच. त्यामुळं ऑनलाइन दिसणाऱ्या दोन-दोन हजारांच्या बाटल्यांवर खर्च करण्यापेक्षा चिकन घ्या.

खाऊबद्दल एक सावधगिरी. चिकन मीठ-मसाल्याशिवाय, कांदा-लसूण तर नाहीच, म्हणजे भाकरीला शेंगाचटणी लावून देणं बंद, तिच्यात लसूण असतो. द्राक्षं-बेदाणे पण नाहीत, आपल्या जिल्ह्यात घरोघरी डबे भरलेले असतात पण कुत्र्याच्या किडनीला ते घातक ठरू शकतात. चॉकलेट तर नाहीच नाही. कोरडी भाकरी चालते, पण घाबरलेलं कुत्रं भाकरीसाठी धीर धरत नाही, तिथं भारीच माल लागतो.

औषधाचं. टिकलीनं नखं रक्ताळेपर्यंत दार खरवडलंय, दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी प्यायली नाही, म्हणजे तिची भीती नुसत्या खाऊवर निभावणारी नाही, माझं मत विचाराल तर या दिवाळीला औषध घ्याच. त्यात कमीपणा काही नाही. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधांचा फरक पडला म्हणणारे पण ७० टक्क्यांच्या जवळ होते. गॅबापेंटिन, ट्राझोडोन, अल्प्राझोलाम अशी नावं डॉक्टर घेतील. कुठलं आणि किती ते तेच ठरवतील, घरात आजोबांची झोपेची गोळी आहे म्हणून अर्धी दिली असलं काही करू नका, आणि पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनसारखी आपली गोळी तर कुत्र्याला विष ठरू शकते. डॉक्टरशी बोलताना तीन गोष्टी विचारा. एक, दिवाळीआधी एखाद्या शांत दिवशी घरी ट्रायल डोस देऊन बघू का, कारण काही कुत्री औषधानं उलट चेकाळतात आणि ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळून उपयोग नाही. दुसरं, आवाज सुरू व्हायच्या किती आधी द्यायचं, कारण एकदा घाबरून टिपेला पोचल्यावर दिलेली गोळी फारशी चालत नाही. तिसरं, एसीप्रोमाझिन एकटं देणार असाल तर दुसरं काही आहे का. ते जुनं औषध आहे, सहज मिळतं, कुत्रं लोळागोळा होऊन पडतं आणि घरच्यांना वाटतं शांत झालं, पण भीती कमी होत नाही, फक्त पळायची ताकद जाते. रोज चालू ठेवायची फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं पण असतात, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे दिवाळीला ती उपयोगाची नाहीत पण गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत, वेळ आहे, विचारून ठेवा.

दिवाळी झाली की लगेच शिकवायला बसू नका. एकामागून एक धक्के बसले की कुत्र्याचं अंग काही दिवस ताठच राहतं, एरवी ज्या मिक्सरला ती नुसती उठून जायची त्याला या दिवसांत किंचाळून पळेल. आठवडाभर काही नाही, फक्त खाणं, झोप, शांत वेळी फिरणं, जमिनीला नाक लावून हुंगत हुंगत, तिला पाहिजे तेवढं.

मग कुकरपासून सुरू करा. फटाक्यांपासून नाही, डीजेपासून तर मुळीच नाही. कुकर चांगला कारण तो तुमच्या हातात आहे आणि तो फुस्स करून आधी वर्दी देतो. फक्त स्वयंपाकघरात उभं राहून नाही करायचं. घरातल्या एकानं टिकलीला घेऊन गच्चीवर जायचं, खाली कुकर चढवलेला, गच्चीवर शिट्टी जेमतेम ऐकू येते. शिट्टी झाली, मनात एक म्हणा, आणि तुकडा. परत शिट्टी, एक, तुकडा. क्रम सांभाळा, आधी शिट्टी मग चिकन. लोक नेमकं उलटं करतात, तुकडा दाखवून बसवतात आणि मग आवाज करतात, दोन दिवसांत कुत्र्याला कळतं की चिकन दिसलं म्हणजे आता वाईट होणार, आणि मग ते चिकनलाच घाबरायला लागतं.

तिच्याकडं बघत राहा. शिट्टीला कान वळला, मान वळली आणि परत तुमच्याकडं तोंड आलं तर बरोबर चाललंय. चार-पाच दिवसांनी शिट्टी झाली की ती तुमच्या हाताकडंच बघायला लागेल, कुठाय माझं, म्हणून. ते दिसलं की जिन्याच्या वरच्या पायरीवर या. मग मधल्या वळणावर. मग बाहेरची खोली. आणि जर कुठं ओठावरून जीभ फिरायला लागली, झोप नसताना जांभई आली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, अंग कडक झालं, किंवा तुकडा घेते पण एरवी अलगद घेणारी आता बोटाला दात लागेल असा हिसकावून घेते, तर तुम्ही फार जवळ आलात, दोन पायऱ्या मागं जा. हा शेवटचा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणतात खाते की ओ. खाते, पण कसं खाते ते बघा. एका वेळी चार-पाच शिट्ट्या, डाळभाताला तेवढ्याच लागतात, संपला तास. ज्या दिवशी तिला कोणी न्यायला मोकळं नाही त्या दिवशी कुकर लावायच्या आधी तिला दुसऱ्या टोकाच्या खोलीत पंखा लावून ठेवा, म्हणजे शिकवलेलं वाया जात नाही.

मिक्सरचं पण असंच, आधी बंद मिक्सर ओट्यावर दिसला की तुकडा, मग लांबून अर्धा सेकंद घर्र. आजी चटणी अजून उखळात कुटत असतील तर ते तर सोन्याहून पिवळं, एक घाव, एक तुकडा, आजींना म्हणावं थांबून थांबून कुटा.

फटाक्यांचा आवाज मोबाइलवर लावून सवय करतात ते चालतं का, तर थोडं चालतं. मोबाइलच्या स्पीकरला धमक नसते, ब्लूटूथ स्पीकर बरा, आपल्याला पण कान देऊन ऐकावं लागेल इतका बारीक आवाज ठेवून सुरू करायचं आणि आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. काही कुत्री रेकॉर्डिंगला ढुंकून बघत नाहीत आणि खऱ्या बारला पळतात, कारण खऱ्यात हवा हलते, तावदानं हलतात, दारूचा वास येतो. डीजेचं तर रेकॉर्डिंगनं काहीच होत नाही, तो कानापेक्षा छातीत वाजतो, भिंत आणि कूलर दोन्ही त्याला अडवत नाहीत. डीजेवर माझ्याकडं एकच उपाय आहे, मिरवणुकीचा दिवस माहीत असतो, त्या दिवशी तिला घेऊन घर सोडायचं.

प्रगती मोजायची असेल तर घाबरते की नाही असं मोजू नका, दचकल्यावर परत खायला किती वेळ लागला ते मोजा. आज दुपारपर्यंत, नंतर तासाभरात, नंतर दोन मिनिटांत. मधे एखादा दिवस सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटेल, ते पण होतं, तेव्हा परत गच्चीवर.

हात लावण्याचं आता. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण चावण्याचा धोका इथं आहे. टिकली चावायच्या आधी गुरगुरली होती का असं विचारायला हवं होतं, पण मला वाटतं गुरगुरली असणार आणि कोणीतरी ए म्हणून दटावलं असणार. गुरगुरण्याला कधीही दटावू नका. ते तिचं नको म्हणणं आहे, ते बंद पाडलं तर ती पुढच्या वेळी न सांगता चावेल. गुरगुरली की हात थांबवायचा, मागं घ्यायचा, आणि मग डोकं चालवायचं की कशाला नको म्हणाली.

रोजच्या लाडापासून सुरू करा. तिच्यासमोर उभं राहून डोक्यावर हात आणायचा नाही, बाजूला बसायचं, तोंड थोडं दुसरीकडं, हात खाली, ती स्वतः आली तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. मग बघायचं. नाकानं हात ढोसला, अजून टेकली, तर परत तीन सेकंद. नुसती उभी राहिली, तोंड फिरवलं, अंग झाडलं, तर झालं तेवढं. घरातल्या सगळ्यांना हे लागू, शेजारच्या पोरांना आणि पाहुण्यांना तर हात लावूच देऊ नका, खाऊ पण लांबून टाकायचा. महिनाभरात तुम्हाला दिसेल की जिला हात नको होता ती स्वतः येऊन पाठ लावायला लागलीय, कारण तिला आता खात्री आहे की नको म्हटलं तर हात थांबतो.

पाय आणि कानासाठी वाटीचा खेळ करा. ब्रिटनमध्ये चिराग पटेल म्हणून एक ट्रेनर आहेत, त्यांनी हा खेळ बादली घेऊन लोकप्रिय केला, आपल्याला स्टीलची वाटी पुरते. वाटीत चिकनचे तुकडे भरायचे, स्टुलावर तिच्या नाकाच्या उंचीला, पण तिला तोंड घालता येणार नाही इतक्या अंतरावर ठेवायची. ती वाटीकडं बघते, तुकडा द्या. बघत राहिली, अजून एक. पहिले काही दिवस एवढंच, हात लावायचाच नाही. ती वाटीकडं शांतपणे बघत राहायला लागली की तुमचा हात तिच्या खांद्याच्या दिशेनं थोडा हलवा. फक्त हवेत. बघत राहिली तर तुकडा. नजर वाटीवरून उडाली, तुमच्या हाताकडं गेली, तर हात लगेच मागं, आणि ती परत वाटीकडं बघेपर्यंत थांबायचं. टिकलीला यातून कळतं की वाटीकडं बघितलं की पुढचं चालू होतं आणि नजर काढली की थांबतं, बटण तिच्या हातात आहे.

मग खांद्याला बोट टेकवणं. मग खांद्यावरून कोपरापर्यंत. मग पंजाला एक क्षण. मग पंजा उचलून लगेच खाली. मग नेलकटर नुसता शेजारी जमिनीवर ठेवलेला. मग नेलकटरचा टक् आवाज, तोही दुसऱ्या खोलीतून, कारण ती आवाजाला पण घाबरते ना, लक्षात ठेवा. आवाजासाठी काडेपेटीची काडी किंवा वाळकी शेवई कापा. मग नखाला नुसतं टेकवायचं. मग एका दिवशी एक नख, टोकाचं अगदी बारीक, आणि त्या दिवशी वाटीतलं सगळं तिचं. अठरा नखं एका बैठकीत काढायची हौस ज्यांना असते त्यांच्याकडं ते काम देऊ नका. खरं तर गावठी कुत्री डांबरी रस्त्यावर फिरली की नखं बरीचशी आपोआप झिजतात, अंगठ्याचं तेवढं बघत जा.

कानाच्या औषधाचं मात्र थांबता येत नाही, ते आत्ता चालू आहे. म्हणून सराव आणि खरं औषध वेगळं ठेवा. सरावाला रिकामी बाटली, वेगळी जागा, वाटी समोर. बाटली दिसली तुकडा, झाकण उघडलं तुकडा, कानाची पाळी बोटानं उचलली तुकडा. खरं औषध घालायचं असेल तेव्हा वाटी मांडायचीच नाही, नाहीतर वाटीवरचा तिचा विश्वास जाईल. डॉक्टरांना विचारा की दवाखान्यातच एकदा घालून बरेच दिवस टिकणारं औषध चालेल का, तसली मिळतात, आणि कान आतून साफ करायचा असेल तर थोडी गुंगी देऊन करता येईल का. दोन-तीन माणसांनी दाबून धरून रोज दोनदा थेंब घालणं यात तुमचा संबंध बिघडतोय तो परत कमवायला महिने लागतील. बाटली मुठीत गरम करून मग वापरा, गार थेंबानं अर्धी कुत्री उडतात. आणि बाबांनी काही दिवस फक्त खाऊ द्यायचा, औषध, आंघोळ, गोचीड यातलं काहीही त्यांच्याकडं नको.

मझल, म्हणजे तोंडावर बांधायचं आवरण, घ्या, पण जाळीचं, टोपलीसारखं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं आणि फटीतून तुकडा देता येतो. कापडी तोंड आवळणारं आपल्या सोलापूरच्या उन्हात नको, कुत्रं धाप टाकूनच अंग गार करतं, तोंड बांधलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. मझलच्या आत पनीर चिकटवा आणि तिला स्वतःहून तोंड घालू द्या, बक्कल आठवडाभर लावायचंच नाही. दवाखान्याचं पण असंच, महिन्यातून दोन-चारदा नुसतं दारापर्यंत जाऊन, तुकडे खाऊन परत यायचं, सुई नाही टेबल नाही. आणि खऱ्या तपासणीच्या दिवशी आत बाकड्यावर दहा कुत्र्यांमध्ये बसायच्या ऐवजी बाहेर सावलीत थांबा आणि नंबर आला की फोन करा म्हणावं, बहुतेक डॉक्टर ऐकतात.

राहिला गड्डा. संक्रांतीला नंदीध्वज, अक्षता, मग होमप्रदीपन आणि मग होम मैदानावर शोभेचं दारूकाम, ते जुळे सोलापूरपर्यंत चांगलं ऐकू येतं. पण याची तारीख आधीच माहीत असते, हा आपला फायदा. तुम्ही लिहिलंय की मामांचं शेत मंगळवेढ्याकडं आहे. दारूकामाच्या दुपारी तिला घेऊन तिकडं जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. मात्र डिसेंबरमध्ये एक रात्र आधी तिथं राहून या, वस्ती, मामांची कुत्री, रात्रीचे पंपाचे आवाज हे सगळं तिला एकदा शांतपणे बघू द्या, आणि तिथं पण दोन दोऱ्याच, शेताला गेट नसतं. मामांना आत्ताच फोन करून ठेवा, ऊसतोड चालू असेल तर ट्रॅक्टर रात्रभर येत-जात असतात, तसं असेल तर दुसरी जागा बघावी लागेल.